भिंतीतून गेलेली वायर

रेकॉर्डिंगचा विषय निघाला की मी आधी नेवाशाला हात जोडतो. तिथे पैसाच्या खांबाला टेकून ज्ञानेश्वर ज्ञानेश्वरी सांगत होते आणि सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते. सांगणारा आणि टिपून घेणारा समोरासमोर, मध्ये भिंत नाही. आमच्या नगरच्या सावेडीतल्या घरी भजनी मंडळं रेकॉर्डिंगला येतात, ती मागच्या खोलीत बसतात आणि मी पुढच्या. आमचा मूळ धंदा लाउडस्पीकरचा, त्यामुळे वायर ओढणं अंगवळणी पडलेलं. पण मांडवातली वायर वेगळी आणि भिंतीतली वेगळी.

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्यात आला, गौहरजान गायल्या, तेव्हा वायरच नव्हती. पत्र्याच्या भोंग्यात तोंड घालून मोकळ्या गळ्याने गायचं. भोंग्याच्या निमुळत्या टोकाला पडदा आणि त्याला जोडलेली सुई मेणावर खाच पाडी. यंत्र बऱ्याचदा आडोशाला असे, पण भोंग्याच्या लांबीपलीकडे ते नेताच येत नसे.

१९२५ मध्ये विजेवरचं रेकॉर्डिंग आलं आणि यंत्र पार दुसऱ्या खोलीत गेलं. ही विद्या अमेरिकेतल्या बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेची. म्हणून स्टुडिओची सगळी सोयरीक टेलिफोनशी. आजही गिटारला लागतो तो पाव इंची जॅक एक्स्चेंजच्या बोर्डावरून आलेला. दोन तारांना पीळ देण्याची युक्ती खुद्द ग्रॅहम बेल यांची, १८८१ची. पिळामुळे बाहेरची गुरगुर दोन्ही तारांत सारखीच शिरते, आवाज मात्र दोन्हींत उलटसुलट वाहतो. पलीकडच्या टोकाला वजाबाकी झाली की गुरगुर कटते, आवाज उरतो. इतकं साधं गणित, पण शंभर वर्षं कुणाला ते मोडता आलेलं नाही.

मराठीत बोलपट आला १९३२ साली. त्या वर्षीच्या ‘श्यामसुंदर’मधला शाहू मोडक आमच्या नगरचा, तेव्हा चौदा वर्षांचा पोर. पार्श्वगायन अजून यायचं होतं. नटाने कॅमेऱ्यासमोर स्वतःच गायचं, साजिंदे चौकटीबाहेर, आणि वायर ध्वनिमुद्रकाकडे. त्या पोराचा गळा त्या वायरीतूनच गावोगाव पोचला, याचा मला उगाच अभिमान आहे.

घरात दोन खोल्यांमध्ये अशी वायर ओढताना वायरमनशी पहिला वाद पाईपावरून होतो. त्याला सगळं एकाच पाईपात घालायचं असतं. माइकची लाइन आणि दिव्याची लाइन शेजारी-शेजारी गेली की हम, म्हणजे तीच गुरगुर, येतो. आपली वीज पन्नास सायकलची. तो हम पेटीच्या पांढरी पाचच्या किंचित वर बसतो. बाई पांढरी पाचमध्ये गाणारी असली की तानपुऱ्याशी तो नेमका बेसूर लागतो, तिचे कान लगेच टवकारतात. म्हणून दोन पाईप, मध्ये हातभर अंतर. ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात. आणि दोन्ही खोल्यांतली यंत्रं एकाच अर्थिंगवर, नाहीतर चांगली वायरही गुरगुरते.

लोक माइकच्या लाइनी मोजतात, परतीच्या विसरतात. पखवाजवाल्याला कानात पेटी हवी असते, बुवांना स्वतःचा आवाज, आणि ‘पुन्हा अंतऱ्यापासून घ्या’ हे मला आतल्या माणसाला सांगायचं असतं. या सगळ्याला माझ्याकडून तिकडे जाणाऱ्या तारा लागतात. आठ लाइनी येणाऱ्या असतील तर निदान चार जाणाऱ्या ठेवाव्यात. हल्ली मी त्यासाठी इंटरनेटची केबल वापरतो. तिच्यात पिळाच्या चार जोड्या आयत्याच मिळतात, बेलसाहेबांची युक्ती मीटरच्या भावात.

पाईपात नायलॉनची एक दोरी मोकळी सोडतो, पुढे वायर वाढवायची झाली तर भिंत फोडायला नको. तोंडं मात्र पुट्टीने बुजवतो, कारण वायर जाते त्या भोकातून झांजाही येतात. पोरं विचारतात, एवढी उठाठेव कशाला, ब्लूटूथ लावा. एकदा लावून टाळ वाजवून बघा म्हणतो. कानात येईपर्यंत पुढची टाळी होऊन गेलेली असते.