चौसष्ट चिपांची पात

यवतमाळच्या दत्त चौकातल्या मोबाइलच्या दुकानात स्वस्तातल्या फोनच्या खोक्यावरही 'ऑक्टा कोर' असे छापलेले असते. एकाच चिपेत आठ प्रोसेसर, असा त्याचा अर्थ. गिऱ्हाईक कॅमेरा विचारते, बॅटरी विचारते. कोरची चौकशी सहसा कोणी करत नाही.

एका दांडग्या प्रोसेसरऐवजी अनेक छोटे जोडायचे, या कल्पनेचे कूळ मोठे आहे. त्याची एक शाखा यवतमाळच्या शेजारीच निघते. शकुंतला ही नॅरोगेज गाडी यवतमाळहून ज्या मूर्तिजापूरला जायची, त्या तालुक्यातल्या मुरंबा गावी 1946 साली विजय भटकर जन्मले. नागपुरात अभियांत्रिकी, मग बडोदा, दिल्लीच्या आयआयटीत पीएच.डी. आणि पुढे केरळात इलेक्ट्रॉनिक्सचे संशोधन, असा त्यांचा प्रवास.

ऐंशीच्या दशकात भारताला मान्सूनचा अंदाज बांधण्यासाठी महासंगणक हवा होता. मागणी होती अमेरिकेच्या क्रे कंपनीच्या 'एक्स-एमपी/24' या यंत्राची. नावातला पहिला आकडा प्रोसेसरांचा, म्हणजे दोन. पण जे यंत्र ढगांचे गणित करते ते अणुस्फोटाचेही करू शकते, ही अमेरिकेची धास्ती. बरीच घासाघीस होऊन अखेर दिल्लीत आले ते 'एक्स-एमपी/14', तेही हवामानापुरतेच वापरायच्या अटीवर. भांडण एका जादा प्रोसेसरचे होते म्हणा ना.

मग महासंगणक देशातच बांधायचा म्हणून मार्च 1988 मध्ये पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था उभी राहिली आणि सूत्रे भटकरांकडे आली. मुदत तीन वर्षांची, पैसा सुमारे 30 कोटी, लक्ष्य सेकंदाला एक अब्ज गणिते. क्रेच्या तोडीची चिप देशात घडवणे शक्यच नव्हते. मोहालीच्या सरकारी सेमीकंडक्टर कारखान्यात 1984 मध्ये 5 मायक्रॉन तंत्राने चिपा निघू लागल्या होत्या. फेब्रुवारी 1989 मध्ये तो कारखानाही आगीत गेला.

मग बाजारात मिळेल त्या चिपेवर भागवणे आले. ती सापडली ब्रिटनमध्ये. ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीने 'ट्रान्सप्युटर' नावाची चिप काढली होती. तिचे 1987 चे टी-800 हे रूप सी-डॅकने निवडले. ही चिप एकटीने फार वेगवान नव्हती. खुबी होती तिच्या अंगच्या चार जोडण्यांत. प्रत्येक जोडणीतून एकेका शेजारणीशी थेट बोलता येई, मध्ये कोणी दलाल नाही. हव्या तितक्या चिपा शेजारी शेजारी मांडा आणि जाळे विणत जा.

यवतमाळ जिल्ह्यावरच्या पावसाचे गणित करायचे आहे असे धरू. जिल्ह्याचे चौकोन पाडायचे आणि एक चौकोन एका चिपेला द्यायचा. दारव्ह्याची चिप दारव्ह्याचा वारा, दाब, ओल मोजणार. पण दिग्रसकडून येणारी हवा तिला ठाऊक नाही. म्हणून गणिताच्या प्रत्येक फेरीनंतर दारव्हा आणि दिग्रस आपापल्या शिवेवरचे आकडे एकमेकींना कळवणार, मग पुढची फेरी. निंदणाला बायका एकेक पात धरून पुढे सरकतात, तसेच हे. एकीची पात मागे राहिली की बाकीच्यांना बांधावर थांबावे लागते, हा तापही तोच. खरी कसोटी चिपा जोडण्यापेक्षा कामाच्या सारख्या पाती पाडण्यात होती आणि सी-डॅकचे बरेचसे श्रम त्या सॉफ्टवेअरवर पडले. जीन अ‍ॅमडाल या अभियंत्याने 1967 मध्येच इशारा देऊन ठेवला होता: कामाचा दहावा हिस्सा वाटून देता येत नसेल, तर हजार प्रोसेसर लावूनही वेग दहापटीच्या पुढे जाणार नाही.

1990 मध्ये या यंत्राचा नमुना झुरिकच्या प्रदर्शनात मांडला गेला आणि 1991 मध्ये 'परम 8000' जाहीर झाला. त्यात 64 चिपा होत्या आणि गरजेप्रमाणे त्या वाढवता येत. पुढे तो मॉस्कोतल्या एका संस्थेतही बसला.

परमचे पोवाडे गाताना एक गोष्ट गाळली जाते. त्यातली चिप आपली नव्हती, आणि ज्यांची होती तेही टिकले नाहीत. इनमॉस 1989 मध्येच विकली गेली, पुढची टी-9000 चिप रखडत रखडत विझली. सी-डॅकला इंटेल, सन, आयबीएम असे घर बदलत जावे लागले. हाती उरली ती जोडण्याची आणि वाटून देण्याची विद्या.

इकडे मोठ्या कंपन्या एकाच प्रोसेसरचा वेग वाढवण्याच्या नादात होत्या. ट्रान्झिस्टर बारीक झाला की कमी व्होल्टेजवर चालतो आणि उष्णता आटोक्यात राहते, हे रॉबर्ट डेनार्ड यांनी 1974 मध्ये मांडलेले गणित तीस वर्षे पुरले. मग ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले की बंद असतानाही त्यांतून वीज गळू लागली. वेग वाढवला की चिप तापायची. मे 2004 मध्ये इंटेलने 'तेजस' या सांकेतिक नावाचा आपला पुढचा प्रोसेसर मोडीत काढला आणि वर्षभरात दोन कोरची चिप बाजारात आणली. आयबीएमने त्याआधीच, 2001 मध्ये, 'पॉवर-4' या चिपेत दोन कोर बसवले होते. सी-डॅकच्या 2003 च्या 'परम पद्म'मध्ये हीच पॉवर-4 होती. आता चिपेच्या आतही जोडणी आणि यंत्रातही जोडणी. फोनसाठी 2011 मध्ये एआरएम कंपनीने त्यात आणखी भर घातली: काही कोर तगडे, काही काटकसरी. जड काम तगड्यांना, किरकोळ काम दुसऱ्यांना, म्हणजे बॅटरी टिकते.

पुण्याच्या 'परम सिद्धी-एआय'ला 2020 मध्ये जगातल्या महासंगणकांत 63वा क्रमांक मिळाला. चिपा एनव्हिडियाच्या, तैवानात घडलेल्या. देशी चिपेची वाट वेगळी चालू आहे. मुंबईच्या आयआयटीत प्रा. माधव देसाई यांच्या चमूने 'अजित' हा प्रोसेसर आखला आणि 2019 मध्ये तो जाहीर झाला. घडला तो आगीनंतर पुन्हा उभ्या राहिलेल्या मोहालीच्या त्याच कारखान्यात, 180 नॅनोमीटर तंत्राने. तेव्हा महागड्या फोनच्या चिपा 7 नॅनोमीटरवर पोचल्या होत्या. पण 'अजित'ला फोनमध्ये शिरायचेच नव्हते. सेट-टॉप बॉक्स आणि रहदारीचे दिवे चालवायला 180 पुष्कळ झाले.