खेकड्याचे पाय

गेल्या महिन्यात आमच्या जमातीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरत होता. कॅन्सरचं नवं औषध म्हणजे हजार वर्षांपूर्वी इब्ने सीनाने सांगितलेलीच गोष्ट आहे, असा. खाली ‘सुभानल्लाह’ची रांग लागली होती. मी तेव्हा गप्प बसलो. पण माझे एक चाचा लघवीतून रक्त जायला लागल्यावर चार महिने माजून आणि चूर्णं खात राहिले, तेही अशाच मेसेजांच्या भरवशावर. मूत्राशयाची तपासणी झाली तेव्हा फार उशीर झाला होता. म्हणून आता लिहितो.

मराठीत कर्करोग, अरबी-उर्दूत सरतान, ग्रीकमध्ये कार्किनोस. तिन्ही नावांत खेकडा आहे. इ.स. १०२५च्या सुमारास पूर्ण झालेल्या ‘अल-कानून’मध्ये इब्ने सीना याची दोन कारणं देतो: हा आजार खेकड्यासारखा पकडून बसतो, आणि गाठीभोवतीच्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या पसरतात. हे दुसरं निरीक्षण त्याचं एकट्याचं नव्हतं. त्याच्या आठशे वर्षं आधी गॅलेननेही ते नोंदवलं होतं. शिरा दिसल्या दोघांनाही, पण त्या का येतात याचं उत्तर त्यांच्या काळाने दिलं ते ‘सौदा’, म्हणजे काळं पित्त. ते उत्तर चुकीचं होतं.

खरं उत्तर शोधायला निघाला तो एका ज्यू धर्मगुरूचा मुलगा. ज्युडा फोकमन हा अमेरिकन सर्जन. १९६०नंतरच्या पहिल्या वर्षांत नौदलाच्या प्रयोगशाळेत तो आणि फ्रेडरिक बेकर सशाच्या थायरॉइड ग्रंथी शरीराबाहेर जिवंत ठेवून त्यांत कॅन्सरच्या पेशी वाढवत होते. गाठी एक-दोन मिलिमीटरच्या झाल्या की तिथेच थांबत. त्याच गाठी उंदराच्या शरीरात घातल्या की भराभर वाढत. फरक एकच होता, शरीरात त्यांना नव्या रक्तवाहिन्या मिळत होत्या. १९७१मध्ये फोकमनने मांडलं की गाठ स्वतःच काही पदार्थ सोडून रक्तवाहिन्या आपल्याकडे ओढून घेते. ते रोखलं तर गाठ उपाशी राहील. बऱ्याच सहकाऱ्यांना हे पटलं नाही.

१९७४मध्ये डेनिस गोस्पोदारोविच याने गुरांच्या पिट्युटरी ग्रंथीतून पेशींना वाढायला लावणारा एक पदार्थ वेगळा केल्याचं जाहीर केलं. त्याचं नाव फायब्रोब्लास्ट ग्रोथ फॅक्टर, थोडक्यात एफजीएफ. १९८४मध्ये फोकमनचे सहकारी युएन शिंग आणि मायकेल क्लॅग्सब्रन यांनी हेपॅरिनच्या मदतीने उंदराच्या गाठीतून रक्तवाहिन्यांच्या पेशी वाढवणारा पदार्थ शुद्ध केला. तो याच एफजीएफ घराण्यातला निघाला.

हा पदार्थ बाहेरून आलेला नाही. आईच्या पोटात आपले हातपाय घडतात ते याच निरोपामुळे, जखम भरते ती याच्याच मदतीने. आपल्याकडे कॅन्सरला कुणाच्या गुनाहाची सजा समजतात आणि त्याचं नावही घेत नाहीत. इथे तर शरीराचाच एक उपयोगी निरोप नको तेव्हा चालू राहिलेला असतो.

पुढचा धागा पेशीच्या दारापाशी सापडला. एफजीएफचा निरोप घेणारे मुख्य रिसेप्टर चार. त्यातल्या तिसऱ्यातला दोष एका प्रकारच्या बुटकेपणाला कारण असतो, हे १९९४मध्ये कळलं होतं. १९९९मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांना त्याच रिसेप्टरमधले दोष मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये सापडले. हाडात वाढीला ब्रेक लावणारा रिसेप्टर मूत्राशयात वाढीची घंटी बनतो. बाहेरून निरोप नसला तरी ती वाजत राहते.

ही घंटी बंद करणाऱ्या एर्डाफिटिनिब या गोळीला अमेरिकेत एप्रिल २०१९मध्ये मंजुरी मिळाली. २०२०मध्ये पित्तनलिकेच्या कॅन्सरसाठी पेमिगाटिनिब आली. फोकमन २००८मध्येच वारला होता. त्याची कल्पना जशीच्या तशी खरी ठरली असंही नाही, कारण या गोळ्या मुख्यतः गाठीच्या पेशीतलाच बिघडलेला रिसेप्टर बंद करतात.

आणि हा चमत्कारही नाही. आधीचे उपचार थकलेल्या, पसरलेल्या मूत्राशयाच्या कॅन्सरच्या रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२३मध्ये आले. मध्यम आयुर्मान केमोथेरपीवर ७.८ महिने आणि एर्डाफिटिनिबवर १२.१ महिने होतं. रक्तातलं फॉस्फेट वाढतं, कारण ते ताब्यात ठेवणारा निरोपही एफजीएफ घराण्याचाच. डोळे आणि नखं यांनाही त्रास होतो. शिवाय गाठीच्या जनुकीय तपासणीत ठरावीक दोष सापडला तरच ही गोळी देतात. त्यामुळे घरात असा रुग्ण असेल तर डॉक्टरांना या तपासणीबद्दल जरूर विचारा. आणि लघवीत रक्त दिसलं, दुखत नसलं तरी, त्याच आठवड्यात दवाखाना गाठा.

अभिमानच बाळगायचा तर मला इब्ने सीनाच्याच काळातला कॉर्डोबाचा सर्जन अल-झहरावी आठवतो. जुन्या, मोठ्या गाठीच्या वाटेला जाऊ नका, असं त्याने लिहून ठेवलं. अशी गाठ आपण कधी बरी केली नाही आणि दुसऱ्या कुणी केलेली पाहिलीही नाही, हेही सांगून टाकलं. एवढ्या नावाजलेल्या सर्जनने हे कबूल केलं. आज रात्री ग्रुपवर मी त्याच्याबद्दल लिहिणार आहे.