गिरणीतला निरोप्या

मुंबईहून नाशिकच्या रस्त्याने निघून खारेगावची खाडी ओलांडली, की थोड्याच वेळात मानकोली नाका लागतो. जेथे भाताची खाचरे होती, तेथे आता गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. सकाळी नाक्यावर पोरांचे घोळके दिसतात. त्यातल्या एखाद्याला विचारा, 'बाबा, कोणाकडे कामाला आहेस?' पुष्कळदा तो कंपनीचे नाव सांगत नाही. ठेकेदाराचे किंवा मुकादमाचे सांगतो. वर काय ठरले ते त्याला मुकादमाकडून कळते आणि याचे दुखणे वर गेलेच तर तेही मुकादमाच्याच तोंडून जाते.

ही रीत काही आजची नव्हे. तिचे मूळ शोधायचे तर दीडशेहून अधिक वर्षे मागे, मुंबईच्या गिरणगावात जायला हवे.

मुंबईत पहिली कापसाची गिरणी कावसजी दावर यांनी काढली; तिची स्थापना १८५४ मधली आणि ती चालू झाली १८५६ मध्ये. पुढच्या वीस वर्षांत गिरण्या वाढल्या आणि १८७५ मध्ये मालकांनी आपला संघही स्थापन केला. आता गिरणीच्या आत काय चाले ते पाहा. वर मालक, त्याखाली मॅनेजर, मग खात्याखात्याचे मास्तर. पहिल्या काळात यांतले बरेच लोक लँकेशायरहून आलेले साहेब, काही पारशी. आणि साच्यावर उभा कोण? रत्नागिरीचा, साताऱ्याचा, घाटावरचा कुणबी. याला त्याची भाषा येत नाही, त्याला याची कळत नाही. दोघांच्या मध्ये उभा राहिला तो जॉबर.

जॉबर म्हणजे नुसता दुभाष्या नव्हे, बरे का! माणूस कामावर घ्यायचा जॉबरने, काढायचा जॉबरने. साचा बिघडला तर दुरुस्त तोच करणार, नव्या पोराला काम तोच शिकवणार. बायकांच्या खात्यात हेच काम नाईकीण करी. कामावर लागण्यासाठी दस्तुरी मोजावी लागे. अडीनडीला उसने पैसेही त्याच्याकडूनच, अर्थात व्याजाने. एवढी सत्ता ज्याच्या हाती, तो निरोप जसाच्या तसा कशाला पोचवील? वरचा हुकूम खाली येताना त्याला जॉबरच्या सोयीचा रंग चढे. खालची तक्रार वर जाण्याआधी गाळली जाई. पगारातून दंड कापला गेला तर का कापला, हे विणकराला धड समजत नसे. खराब ठरलेले कापड त्याच्याच गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून वळती करण्याचीही चाल होती. इकडे मॅनेजरलाही पत्ता नसे, की माणसे एकाएकी काम सोडून का गेली.

तरी सगळे खापर जॉबरच्या माथी मारणे मला बरोबर वाटत नाही. तोही त्याच चाळीत, त्याच वस्तीत राहणारा. आपली माणसे त्याने सांभाळली नाहीत, तर ती दुसऱ्याच्या मागे जात आणि मग गिरणीत त्याची किंमत शून्य. दोन दगडांवर पाय ठेवून उभा राहिलेला माणूस होता तो. दोष असलाच तर ज्यांनी सगळ्या गिरणीचे बोलणे एकाच माणसाच्या तोंडी सोपवले, त्यांचा अधिक.

ही कोंडी पहिल्याने फोडली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी. हे गृहस्थ ठाण्याचे, म्हणजे मानकोलीच्या शेजारचेच म्हणा ना. जन्म १८४८ चा. रेल्वेत, टपालात नोकरी करून ते मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर झाले. म्हणजे गिरणी त्यांनी आतून पाहिलेली. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते. 'दीनबंधु' हे पत्र १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी पुण्यात काढले होते. १८८० पासून ते लोखंड्यांनी मुंबईत चालवले. ज्याला वाचता येत नव्हते, त्याचेही दुःख छापून येऊ लागले.

१८८४ मध्ये सरकारने गिरण्यांच्या चौकशीसाठी कमिशन नेमले. लोखंड्यांनी सप्टेंबरात कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या ऐका: आठवड्याला रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच, मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्याला बरे होईपर्यंत पगार. यात अवास्तव काय आहे? पण जॉबरच्या वाटेने या गोष्टी इतकी वर्षे वर पोचल्याच नव्हत्या. त्यांच्या मिलहँड्स असोसिएशनला ना वर्गणी, ना सभासदांची यादी, ना नियम. म्हणून काहीजण तिला संघटना मानायलाच तयार नसतात. मला विचाराल तर माणसाचे म्हणणे त्याच्याच सहीने वर नेणे, हे काम वर्गणीच्या पावतीपेक्षा मोठे होते.

पुढे २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन कामगार बायाही उभ्या राहून बोलल्या. नाईकिणीपुढे मान वर न करणारी बाई दहा हजारांपुढे बोलते, हे त्या काळी केवढे नवल! १० जून १८९० रोजी मालक संघाने आठवड्याच्या सुट्टीला मान्यता दिली. १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात सुट्टी आणि दुपारचा अर्धा तास दोन्ही आले. १८९७ च्या फेब्रुवारीत प्लेगने लोखंडे गेले.

जॉबर मात्र राहिला. १९२८ मध्ये गिरण्या सहा महिने बंद पडल्या, तेव्हा साच्यांच्या वाटणीबरोबर कामाच्या नियमांवरही मोठा वाद झाला. व्हिटले कमिशनने १९३१ मध्ये जॉबरच्या हातून भरती काढून घ्यावी आणि मजूर अधिकारी नेमावा, अशी शिफारस केली. १९३४ च्या मुंबईच्या कायद्याने सरकारी मजूर अधिकारी आला. १९४७ च्या कायद्याने शंभर किंवा अधिक माणसांच्या कारखान्यात मालक आणि कामगार यांची एकत्र समिती बसवण्याची सोय केली.

गुरुजींनी मुलांना आवर्जून सांगावे असे एक कलम १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्यात होते. कामाच्या वेळा, सुट्ट्या, पगाराचा दिवस, शिक्षा कशाबद्दल आणि कामावरून काढायचे कसे, हे सगळे नियम बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत फळ्यावर लावायचे. आणि तो फळा साहेबाच्या खोलीत नव्हे, तर कामगार ज्या दाराने आत येतात, त्या दाराशी टांगायचा.