बीड जिल्ह्यातील लोकराज्य : मताधिकाराचा इतिहास व आपले कर्तव्य



स्मरणिकेच्या संपादक मंडळाने जिल्ह्याच्या इतिहासावर काही लिहावे अशी आज्ञा केली. राजेरजवाड्यांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. मी प्राथमिक शाळेतील जुना शिक्षक. निवडणूक आली की मतदान केंद्रावर बसून लोकांच्या बोटास शाई लावण्याचे काम मी नोकरीभर केले. तेव्हा त्या शाईचाच इतिहास येथे सांगावा असे योजिले आहे.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. गावचा कारभार पाटील-पटवारी यांच्या घराण्यांत वंशपरंपरेने चाले. अखेरच्या काळात दरबारची भाषा उर्दू, तर रयतेची मराठी. सारा किती भरावयाचा हे रयतेस कळे. तो कोठे खर्च झाला हे विचारण्याची सोय नव्हती. अशा काळात स्वामी रामानंद तीर्थ यांनी अंबाजोगाईस, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादेस, योगेश्वरी विद्यालयात शिक्षणाचे काम केले आणि १९३८ मध्ये सत्याग्रह करून कारावास पत्करला. एका शिक्षकाने फळ्यावरचा धडा स्वतः आचरून दाखविला, ही गोष्ट आम्हां शिक्षकांस आजही अभिमानाची वाटते.

पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ साली झाली. त्या वेळी मतपत्रिकेवर शिक्का मारावयाचा नसे. प्रत्येक उमेदवाराची चिन्हांकित पेटी निराळी असे आणि निरक्षर मतदारही आपल्या पसंतीच्या पेटीत कागद टाकून येई. त्याच निवडणुकीत देशातील सुमारे २८ लक्ष स्त्रियांची नावे यादीतून गळाली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची पत्नी, तमक्याची आई एवढेच सांगितले होते. मत देण्यापूर्वी माणसास स्वतःचे नाव असावे लागते, हा केवढा मोठा धडा!

१९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला व १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. लगेच वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बळवंतराय मेहता समितीने तालुक्याच्या पातळीवरील पंचायत समितीवर भर दिला होता. नाईक समितीने जिल्हा हा मुख्य घटक मानला. त्यानुसार १९६१ चा कायदा होऊन १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या.

१९६७ साली बीडच्या मतदारांनी क्रांतिसिंह नाना पाटील यांस लोकसभेवर पाठविले. नाना पाटील ना आपल्या जिल्ह्याचे, ना आपल्या शिवेतले. साताऱ्याच्या प्रतिसरकारात गावचे न्यायनिवाडे गावानेच करावे हे ज्यांनी घडवून आणले, त्यांस आपल्या वडीलधाऱ्यांनी निवडले. सोयरीक पाहून मत द्यावयाचे असते, तर हे घडते ना.

पुढे १९८९ मध्ये मतदानाचे वय २१ वरून १८ झाले. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींस घटनात्मक स्थान व स्त्रियांस एकतृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रात २०११ मध्ये त्या निम्म्या झाल्या. अधिकार असा वाढत गेला. तो आपण कसा वापरला, याविषयी मात्र एक कबुली द्यावयाची आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या गावी ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. आमच्या वस्तीची जागा बिनविरोध करावी, असे ज्ञातीतील प्रमुख मंडळींनी एका रात्री ठरविले. खर्च वाचेल, तंटे टळतील, मंदिराच्या सभामंडपास देणगी मिळेल, असे तीन लाभ सांगण्यात आले. ठरावाचा कागद माझ्याच हस्ताक्षरात लिहिला गेला. वस्तीतील निम्मी घरे त्या वेळी ऊसतोडीवर होती. चैत्रात ती परतली. पुढे माझी एक जुनी विद्यार्थिनी वस्तीतील नालीबद्दल विचारावयास त्या सदस्याकडे गेली, तेव्हा तो म्हणाला, "मी तुझ्या दारी मत मागायला आलो होतो का?" तशीच ती माझ्याकडे आली. म्हणाली, "गुरुजी, मत ज्याचं त्यानं द्यावं, असं तुम्हीच शिकवलं. मग माझं कुणी दिलं?" मजजवळ उत्तर नव्हते, आजही नाही.

या प्रश्नाची दुसरी बाजू ग्रामसभेची. कायद्याने वर्षात किमान चार ग्रामसभा व्हावयास पाहिजेत. सामान्यतः त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवशी भरतात. गणपूर्तीस १०० मतदार अथवा एकूण मतदारांचे १५ टक्के, यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. ती न भरल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेस गणपूर्तीची अट नाही! म्हणजे आपण न गेल्याने सभेचे काही अडत नाही. अडते ते आपलेच. त्यातून २६ जानेवारीस आपला तोडणी कामगार फडात असतो. तो निश्चितपणे गावी सापडतो तो १ मे व १५ ऑगस्टला.

आता स्पष्ट लिहितो, राग नसावा. आपल्या मंडळाची वार्षिक सभा सुटीच्या सोयीने १ मे रोजीच भरते. जो एक दिवस गरीब ज्ञातिबांधवाने ग्रामसभेत उभे राहून पाणी, नाली, घरकुलाची यादी यांविषयी विचारावयाचे, त्याच दिवशी आपण त्यास हार-तुरे पाहण्यास जिल्ह्याच्या गावी बोलावितो. ही तारीख बदलावी, अशी माझी कार्यकारिणीस नम्र सूचना आहे. मंडळाने ऊसतोडीस निघण्यापूर्वी घरोघर मतदार यादी तपासावी, नावे नोंदवावीत, स्त्रियांस ग्रामसभेस घेऊन जावे. मत कोणास द्यावे हे मात्र मंडळाने सांगू नये, व बिनविरोधाचा ठराव कोणाच्याही अनुपस्थितीत करू नये.

ज्ञाती माणसास आधार देते, हे मी मानतो. परंतु मताची पेटी एकेकट्याची आहे. तो कागद पुन्हा माझ्या हातून लिहिला जाणार नाही, एवढे अभिवचन आपणा सर्वांसमक्ष देऊन हा लेख पुरा करतो.