हातगुण

दिवाळीच्या आधी आठ दिवस प्रत्येक मराठी घरात जो एक उत्पात होतो, त्याला आवराआवर असे सौम्य नाव आहे. आमच्या घरी त्या उत्पातात माळ्यावरचा तांब्याचा बंब खाली काढण्याचे काम परंपरेने माझ्याकडे आहे. वास्तविक अभ्यंगस्नानाचे पाणी आता विजेवर तापते. पण बंब चिंचेने लखलखीत घासून न्हाणीच्या दाराशी ठेवल्याशिवाय आमच्या मंडळींना दिवाळी आली असे वाटत नाही. दोन वर्षांपूर्वी तो बंब उतरवताना मी कमरेत वाकलो आणि वाकलेलाच राहिलो. पाठीत उसण भरली.

शेजारच्या आजी लगबगीने आल्या. आजी पायाळू, म्हणजे जन्मताना पायांकडून आलेल्या. पायाळू माणसाने पाठीला पाय लावला की उसण उतरते, ही समजूत वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. "मास्तर, पालथे पडा बघू," असे म्हणून आजींनी माझ्या पाठीला तीनदा पाय लावला आणि "परवा उठाल" असे सांगून त्या चकल्या तळायला निघून गेल्या. तिसऱ्या दिवशी मी खरोखरच उठलो. घरच्यांनी आजींकडे फराळाचे ताट पाठवले. मला मात्र एक शंका सुचली. आजींनी पाय लावला नसता, तर तिसऱ्या दिवशी मी उठलो नसतो काय?

शंका दिसते तितकी पोरकट नाही. तिकडे अमेरिकेत याच शंकेवरून सुमारे शंभर वर्षे भांडण चालले. माणसे तुरुंगात गेली, कायदे झाले, बाप-लेकांत वितुष्ट आले. ती हकीकत सांगण्याजोगी आहे.

पाठ आणि सांधे हाताने बसवण्याची विद्या मात्र अमेरिकेहून फार जुनी. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात निखळलेल्या सांध्याचे सहा आणि मोडलेल्या हाडाचे बारा प्रकार सांगितले आहेत. चिकित्सास्थानात उपाय आहेत. ताणावे, दाबावे, जागी बसवावे, वड, पिंपळ, उंबर, पळस यांच्या साली किंवा बांबूच्या कामट्या लावून बांधावे. बांधलेले थंडीत सात दिवसांनी, समशीतोष्ण ऋतूत पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी सोडून पाहावे. त्याच ठिकाणी आणखी एक इशारा आहे. बंध सैल झाला तर सांधा स्थिर राहत नाही आणि घट्ट झाला तर सूज, वेदना व पू होतो. हा इशारा वाचकांनी ध्यानात ठेवावा; पुढे त्याच्याशी काम आहे.

ग्रीक लोकांत हिपोक्रेटिसच्या नावावरील सांध्यांच्या ग्रंथात पाठीच्या कुबडावर उपाय म्हणून रोग्याला फळीवर ताणून पालथे पाडावे आणि वरून हाताने दाबावे, हवे तर पाय देऊन उभे राहावे, असे सांगितले आहे. आमच्या आजींची विद्या इतकी जुनी निघाली! रोग्याला शिडीला बांधून उलटा आदळण्याचीही एक रीत त्या काळी होती. पण ग्रंथकर्ता म्हणतो की, ती बहुधा लोकांना तोंडात बोट घालायला लावण्यासाठीच वापरली जाते. औषधापेक्षा तमाशा मोठा होऊ लागला की शहाण्याने सावध व्हावे, हे त्याने तेव्हाच ओळखले होते.

इंग्लंडात हे काम हाडवैद्यांकडे होते. १७३६ साली लंडनमध्ये मॅप नावाच्या एका हाडवैदिणीची इतकी ख्याती झाली की, हॉगार्थने डॉक्टरांची टर उडवणाऱ्या आपल्या चित्रात तिलाही सर्वांच्या वर बसवले. पुढच्याच वर्षी ती मेली. शिकलेले डॉक्टर या मंडळींचा तिटकारा करीत. तरी १८६७ साली सर जेम्स पॅजेट या नामांकित शल्यवैद्याने आपल्या विद्यार्थ्यांना बजावले की, हाडवैद्यांकडे बरे झालेले रोगी नीट पाहा. त्यांच्यातले चांगले तेवढे उचला आणि वाईट तेवढे टाळा. वेल्सकडच्या अँगलसी बेटावरील एका हाडवैद्य घराण्यातला ह्यू ओवेन थॉमस हा तर रीतसर डॉक्टर झाला आणि लिव्हरपुलात बसून त्याने मोडक्या पायासाठी एक लोखंडी आधार बनवला. त्याचा भाचा रॉबर्ट जोन्स याने तो पहिल्या महायुद्धात पुढे आणला आणि मांडीचे हाड मोडलेल्या असंख्य शिपायांचे प्राण वाचले. घराण्याची विद्या आणि शाळेची विद्या यांचा संसार असाही सुखाचा होऊ शकतो.

अमेरिकेत मात्र तो जुळला नाही. डॅनियल डेव्हिड पामर हा १८४५ साली कॅनडात जन्मलेला गृहस्थ विशीत अमेरिकेत आला. आधी तो शाळामास्तर होता. हे वाचून मला उगीचच आपलेपणा वाटला. मग त्याने मधमाश्या पाळल्या, रासबेरीची लागवड केली, वाणसामानाचे दुकान काढले, सोनमासे विकले आणि अखेरीस हातातील चुंबकशक्तीने रोग बरे करतो असे सांगत आयोवा प्रांतातील डॅव्हनपोर्ट गावी बस्तान बांधले. ज्या इमारतीत तो बसे, तिथे हार्वे लिलार्ड नावाचा एक निग्रो झाडूवाला काम करीत असे. तो सतरा वर्षे जवळजवळ बहिरा होता. ओणवे होऊन काम करताना पाठीत काहीतरी सटकले आणि तेव्हापासून ऐकू येईनासे झाले, असे त्याने सांगितले. पामरने पाठ चाचपली, एक मणका वर आलेला वाटला, तो हाताने जोराने दाबला आणि लिलार्डला रस्त्यावरील गाड्यांचा खडखडाट ऐकू येऊ लागला. तारीख पडली १८ सप्टेंबर १८९५.

ऐकण्याचा मज्जातंतू कानातून थेट मेंदूत जातो, पाठीच्या कण्यातून जात नाही, हे शरीरशास्त्र तेव्हाही माहीत होते. मग लिलार्डला कसे ऐकू आले? कोणी म्हणतात, फरक थोडा आणि गाजावाजा फार. ते काहीही असो. एका पाठीवरून पामरने जगाचे अनुमान काढले. शंभरातले ९५ रोग मणके सरकून मज्जातंतूंच्या कामात अडथळा आल्याने होतात, असा सिद्धान्त त्याने मांडला. त्याच्या ओळखीच्या एका धर्मोपदेशकाने ग्रीक भाषेतून 'हाताने केलेले' या अर्थाचे नाव काढून दिले, कायरोप्रॅक्टिक. १८९७ साली त्याने शाळाही काढली.

काळाची गंमत पाहा. पामरने मणका दाबला त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ८ नोव्हेंबर १८९५ रोजी, जर्मनीत राँटजेनला क्ष-किरण सापडले. बोटांनी चाचपून सांगितलेली गोष्ट डोळ्यांनी पडताळून पाहण्याचे साधन जन्माला आले. पण पामरचा सरकलेला मणका त्या किरणांत त्याच्या म्हणण्याप्रमाणे कधी सिद्ध झाला नाही.

१९०६ साली परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल पामरला ३५० डॉलर दंड किंवा १०५ दिवसांची कैद झाली. तो बाणेदारपणे तुरुंगात गेला आणि २३ दिवसांनी दंड भरून बाहेर आला. तोवर शाळेची सूत्रे मुलाच्या, बार्टलेट जोशुआच्या, हातात गेली. मुलगा बापाहून दहा पावले पुढे! त्याने शाळेत क्ष-किरण आणले आणि १९२२ साली नभोवाणी केंद्र घेतले. या केंद्रावर १९३२ साली एक तरुण निवेदक लागला. पुढे तो अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला, रोनाल्ड रीगन. बाप-लेकांचे मात्र फिसकटले ते फिसकटलेच. १९१३ साली शाळेच्या मिरवणुकीत मुलाच्या मोटारीचा धक्का बापाला लागला, असा आरोप झाला. तो टिकला नाही. त्याच वर्षी थोरला पामर लॉस एंजेलिसला विषमज्वराने वारला आणि त्याच वर्षी कॅन्सस प्रांताने या धंद्याला पहिला कायदेशीर परवाना दिला. सर्वांत शेवटचा परवाना देणारा प्रांत लुईझियाना, साल १९७४.

मधल्या साठ वर्षांत डॉक्टरांच्या संघटनेने या लोकांशी उभा दावा मांडला. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६३ साली भोंदूगिरीच्या बंदोबस्तासाठी एक समितीच नेमली. कायरोप्रॅक्टरकडे रोगी पाठवणे किंवा त्याच्याकडून घेणे हे डॉक्टरला शोभत नाही, असा दंडक होता. १९७६ साली चेस्टर विल्क आणि त्याचे सहकारी शिकागोच्या न्यायालयात गेले. एकदा हरले, पुन्हा उभे राहिले. १९८७ साली न्यायाधीश सुसान गेट्झेंडॅनर यांनी निकाल दिला की, असोसिएशनने एका धंद्याचा बेकायदेशीर बहिष्कार केला. १९९० साली वरच्या न्यायालयानेही तो उचलून धरला. त्याच निकालात न्यायाधीशबाईंनी स्पष्ट केले होते की, कायरोप्रॅक्टिक शास्त्रीयदृष्ट्या खरे की खोटे हे आपण ठरवीत नाही. न्यायालय भांडण मिटवते; पाठ दुखते का थांबते, हे न्यायालयाला कसे ठरवता येणार?

ते ठरवण्याची रीत निराळी आहे. पाठ दुखणाऱ्या पुष्कळ माणसांचे गट करावयाचे, एकाला हाताचा उपचार, दुसऱ्याला व्यायाम किंवा औषध द्यावयाचे, आणि कोण किती लवकर उठते ते मोजावयाचे. अशा मोजणीतून निघालेले उत्तर कोणत्याच पक्षाला मिरवणूक काढता येण्याजोगे नाही. कमरेच्या साध्या दुखण्याला हाताच्या उपचाराने काहीसा आराम पडतो. साधारण तितकाच, जितका व्यायामाने व इतर उपायांनी पडतो. म्हणून २०१७ साली अमेरिकन वैद्यांच्या महाविद्यालयाने आणि २०२३ साली जुनाट कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने त्याला इतर उपायांच्या पंगतीत पाट दिला. उरलेल्या ९५ रोगांना मात्र जागा मिळाली नाही. इंग्लंडातील कायरोप्रॅक्टरांच्या नियामक मंडळानेच २०१० साली जाहीर केले की, सरकलेल्या मणक्याने रोग होतात या म्हणण्याला पुरावा नाही. सांधा दाबताना जो 'कट्' आवाज होतो, तोही हाड जागेवर गेल्याचा नसून सांध्यातील द्रवात वायूची पोकळी झाल्याचा असतो. मानेला हिसका देताना क्वचित मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटल्याचीही उदाहरणे आहेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, अचानक भरलेली साधी कंबर बहुतेकांच्या बाबतीत काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपली आपण सुटते, मग पाय लावा की न लावा!

इथवर माझी शंका फिटली. पण हा लेख मी केवळ शंकेपोटी लिहिलेला नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातला एक मुलगा जांभळावरून पडला. कोपर सुजले. बाप मला विचारायला आला, "गुरुजी, कुठं नेऊ?" माझा मुरगळलेला घोटा त्याआधी दोन वर्षे शेजारगावच्या एका हाडवैद्याने दोन दिवसांत उतरवला होता. मी म्हणालो, "त्याच्याकडे न्या. हाताला गुण आहे." त्या माणसाने कोपर बसवले, लेप लावला आणि कामट्या करकचून बांधल्या. पोर रात्रभर रडले. बोटे बधिर झाली, निळी पडली. "दुखणारच" असे सांगण्यात आले. चौथ्या दिवशी शहरात नेले तेव्हा हात वाचला, पण बोटे आत वळून राहिली ती राहिलीच. कोपराचे हाड मोडले होते. आणि घट्ट बांधण्याने रक्त अडले होते. सुश्रुताने दिलेला इशारा तो बांधणाऱ्याला ठाऊक नव्हता आणि सल्ला देणाऱ्या मास्तरालाही नव्हता. तो मुलगा डाव्या हाताने लिहायला शिकला. दिवाळीला नमस्काराला येतो. मला कधी बोलत नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

हाडवैद्य लबाड नव्हता. माझा घोटा त्याने उतरवला, हे खरेच होते. चूक माझ्या हिशेबात होती. एका घोट्यावरून मी एका कोपराचा निकाल दिला. पामरने एका झाडूवाल्यावरून साऱ्या मानवजातीचा दिला. चूक तीच, फक्त आकाराने लहान.

म्हणून आता कोणी विचारले तर मी सांगतो. पडून-झडून लागले असेल, सूज असेल, अवयव वाकडा दिसत असेल, तर आधी क्ष-किरणांनी फोटो काढा. पाठदुखीबरोबर ताप असेल, पायात बधिरपणा किंवा लुळेपणा असेल, लघवी-शौचावरचा ताबा जात असेल, तर कोणाच्याही हाताखाली पाठ न देता रुग्णालय गाठा. प्लॅस्टर किंवा कामट्या बांधल्यावर बोटे बधिर झाली, रंग बदलला, तर सकाळची वाट पाहू नका. आणि साधी उसण असेल तर शेक घ्या, अंथरूण धरून बसू नका, हळूहळू हिंडा-फिरा. जाणत्या हाताने पाठ चोळून घेतल्यास माझी ना नाही.

हाताला गुण असतो, यावर माझा अजूनही विश्वास आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे आई थंडीत कुडकुडणाऱ्या पोराला पाटावर बसवून तेल लावते, तेव्हा त्या हाताने कोणता रोग बरा होतो, हे कोणी विचारीत नाही. तो हात कसला दावा करीत नाही, म्हणून त्याला कोणाला पुरावाही मागावा लागत नाही.

यंदाही बंब मीच उतरवणार आहे. मात्र गुडघ्यांत वाकून, आणि दुसऱ्या बाजूने हात द्यायला त्या मुलाला बोलावले आहे. डाव्या हाताने धरतो म्हणाला.