रत्नागिरीचा गंज आणि कासार्ड्याची वाळू

रत्नागिरीच्या किनाऱ्याचा इतिहास आपण किल्ले, आरमार आणि बंदरे यांच्या अंगाने सांगत आलो. जहाज कोणी बांधले आणि कोणी जाळले याची नोंद सापडते. ते दरवर्षी घासून कोण काढत होते, याची कोणी फारशी दखल घेतलेली नाही. खाऱ्या हवेत आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणाऱ्या पावसात वस्तू टिकवायची, तर बांधणीइतकेच हे घासकामही मोलाचे असते. त्याचा मागोवा घेतला की एक गोष्ट डोळ्यांत भरते. हत्यारे सुधारली ती काम लवकर उरकावे म्हणून. काम करणाऱ्याचा जीव राखणारी सुधारणा फार उशिरा आली, आणि तीही बहुतेक वेळा कायद्याने कान पिळल्यावर. दाबाच्या हवेने कण फेकून लोखंड साफ करण्याचे तंत्र, म्हणजे ब्लास्टिंग, हा त्याचा ठळक दाखला. त्याचा एक धागा तर जुन्या रत्नागिरी जिल्ह्याच्याच मातीत रुतलेला आहे.

लाकडी गलबतांच्या काळात घासकामाचे वेळापत्रक समुद्र ठरवी. उधाणाच्या भरतीला गलबत वर घ्यायचे, ओहोटीला ते उघडे पडले की बुडाला चिकटलेले शेवाळ आणि कवचे खरवडायची, सांध्यांत तेलात भिजवलेला कापूस ठोकायचा आणि वर तेल-चुन्याचा लेप द्यायचा. पावसाळ्यात होड्या शाकारून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात लोटायच्या. विजयदुर्गाजवळ वाघोटण खाडीत गिर्ये येथे मराठा आरमाराची खडकात खोदलेली गोदी आहे. सुमारे 109 मीटर लांब आणि 70 मीटर रुंद. 1756 मध्ये इंग्रजांनी आंग्र्यांचे आरमार जाळले, पण गोदी राहिली. एवढा खडक फोडायचे कारण उघड आहे. जहाज बांधायला कोरडी जागा लागते, तशीच ती त्याचे बूड साफ करायलाही लागते. हे काम कष्टाचे होते, हात सोलवटणारे होते; पण त्याचा त्रास डोळ्यांना दिसणारा होता. खरवडणाऱ्याला आपल्याला काय लागले ते कळत होते.

लोखंडी आगबोटी आल्या आणि प्रश्न बदलला. लाकडाला लेप चिकटतो, गंजक्या पोलादाला रंग चिकटत नाही. कारखान्यातून नव्या पत्र्यावर निळसर-काळी खपली येते. तिच्यावर रंग दिला तर खपली सुटते आणि रंगाला घेऊनच जाते. सुरुवातीला यावर हातोडी, खरवडणी आणि तारेचा ब्रश हेच उपाय होते. 1870 मध्ये फिलाडेल्फियाच्या बेंजामिन च्यू टिल्घमनने वाफेच्या किंवा हवेच्या झोतातून वाळू फेकण्याचे पेटंट घेतले. त्याचे पहिले ग्राहक काचेवर नक्षी काढणारे आणि ओतीव वस्तू साफ करणारे होते; जहाजे आणि पूल पुढे आले. यंत्राचे तत्त्व तेव्हापासून फारसे बदललेले नाही. कॉम्प्रेसर हवा दाबतो, बंद पॉटमध्ये कण भरलेले असतात, खालच्या झडपेतून ते हवेच्या वाटेत पडतात आणि होजमधून नोझलपर्यंत जातात. नोझलची पोकळी मध्ये आवळलेली आणि पुढे रुंदावणारी असते, म्हणून कणांना वेग येतो. नोझलशी दाब साधारण सात किलो प्रति चौरस सेंटिमीटर राखतात. पत्र्यावर आदळणारा प्रत्येक कण गंज उडवतो आणि पोलादावर बारीक ओरखडा सोडतो. काही दशांश मायक्रॉनची गुळगुळीत झिलई इथे कामाची नाही. 50 ते 75 मायक्रॉनचा खडबडीतपणाच रंगाला पकड देतो. साफसफाईची प्रत ‘एसए अडीच’ अशा खुणेने ठरते. ही खूण 1967 च्या स्वीडिश मानकामुळे रूढ झाली आणि जगभरच्या निविदांत जाऊन बसली. कोकणात याला हवामानाची जोड द्यावी लागते. पत्र्याचे तापमान दवबिंदूच्या किमान तीन अंश वर नसेल तर चकचकीत केलेला पत्रा रंग पोचण्याआधीच तांबूस होतो. खड्ड्यांत बसलेले मीठ कोरड्या माऱ्याने पुरते निघत नाही, ते गोड्या पाण्याने धुवावे लागते. भरतीची सत्ता संपली, पावसाळ्याची संपली नाही.

आता वाळूकडे येऊ. 1 मे 1981 रोजी सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत कणकवली तालुका रत्नागिरी जिल्ह्यातच होता. त्यातल्या कासार्डे-फोंडा पट्ट्यात सिलिका वाळूच्या खाणी आहेत. ही वाळू काचेसाठी जाते, आणि घाट चढून कोल्हापूरच्या फाउंड्र्यांतही जाते. तिथे तिचे साचे बनतात, त्यांत वितळलेले लोखंड ओततात आणि निघालेल्या वस्तूला चिकटलेली वाळू पोलादी छर्‍यांच्या माऱ्याने झाडतात. हे काम बंद पेटीत फिरत्या चाकाने होते, तिथे दाबाची हवाही लागत नाही. म्हणजे मारा पोलादाचा असला तरी धूळ वाळूचीच. ही धूळ फुप्फुसाला घातक असते, हे ब्रिटनने वेळेत ओळखले असे म्हणता येणार नाही, पण ओळखले: 1949 च्या नियमांनी तिथे ब्लास्टिंगमध्ये मुक्त सिलिका असलेले कण वापरायला बंदी आली. टिल्घमनच्या पेटंटला तोवर जवळपास 80 वर्षे झाली होती. लोखंडी छर्‍यांचा पर्याय एकोणिसाव्या शतकातच माहीत होता. तो महाग होता, एवढेच. आपल्याकडे 1948 च्या कारखाने अधिनियमाने सिलिकोसिसची, म्हणजे या धुळीने जडणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराची, गणना कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांत केली, आणि त्याखालील नियमांनी ब्लास्टिंगला धोकादायक प्रक्रियांत घालून वाळूला मज्जाव केला. तुर्कस्तानात जीन्स फिकट करण्यासाठी वाळूचा मारा करणारे तरुण मरू लागले, तेव्हा 2009 मध्ये तिथेही बंदी झाली. कारण प्रत्येक वेळी फुप्फुस होते, अभियांत्रिकी नव्हे.

यावर कोकणी माणसाचा आक्षेप रास्त वाटावा असा आहे: किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या लोक वाळूत वावरले, त्यांना कुठे काय झाले? उत्तर कणाच्या आकारात आहे. पुळणीवरचा दाणा जड असतो, तो नाकातच अडतो, आणि त्याच्या कडा लाटांनी झिजवलेल्या असतात. पोलादावर आपटून तोच दाणा फुटला की पाच मायक्रॉनपेक्षा बारीक, ताज्या धारेचे कण हवेत तरंगतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात. तिथे पडलेले व्रण भरून येत नाहीत. दुसरा आक्षेप ठेकेदारांचा: चांगला मुखवटा दिला की वाळूही चालेल. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारे शिरस्त्राण नोझल धरणाऱ्याला वाचवते, हे खरे. पण पॉट भरणारा, सांडलेले कण झाडणारा आणि शेजारी वेल्डिंग करणारा, यांना ते कोणी देत नाही. तोंडाला रुमाल बांधणे म्हणजे तर मनाची समजूत. पाणी मिसळून मारा करा, हा तिसरा तोडगा धूळ बरीच कमी करतो, मात्र ओला पत्रा लगेच गंजतो आणि चिखल वाळला की धूळ पुन्हा उठते. पर्याय आता दुर्मीळही नाहीत: तांबे गाळताना निघणारी मळी, गार्नेट, पोलादी ग्रिट. मळीतही जड धातूंचा अंश असतो, तेव्हा कोणताही कण निर्दोष नाही; पण कमी घातक आणि अधिक घातक हा फरक करता येतो. स्वस्ताईचा हिशेबही नीट मांडला पाहिजे. वाळू एकदा फुटली की संपली, पोलादी ग्रिट गोळा करून अनेकदा वापरता येते. वाळू स्वस्त पडते ती धुळीचा खर्च दुसऱ्याच्या घरी जातो म्हणून.

रत्नागिरीत आज पोलाद उदंड आहे. दाभोळचा वीजप्रकल्प आणि वायू उतरवण्याची जेटी, जयगडचे बंदर आणि कोळशाचे पट्टे, मिऱ्याचा जहाजबांधणी कारखाना, कोकण रेल्वेचे पूल. मोठ्या ठिकाणी तपासणी होते, निविदेत कणांचा प्रकारही लिहिलेला असतो. अडचण खालच्या पायरीवर आहे. टाकी, गेट, शेड किंवा बार्ज साफ करायला येणारी चार-पाच जणांची टोळी ‘कारखाना’ या व्याख्येत बसत नाही, कारण ती व्याख्या कामगारांच्या संख्येवर ठरते. मूळ ठेका मोठा असला तरी घासकाम पोटठेक्यात जाते आणि तिथे पॉटमध्ये काय भरले हे कोणी पाहत नाही. आजार दिसायला काही वर्षे लागतात, आणि तोवर टोळी कुठल्या गावची होती हेही विसरलेले असते. म्हणून ग्रामपंचायत असो, सहकारी संस्था असो की नौकामालक, जो कोणी लोखंड रंगवायचे काम देतो त्याने करारात रंगाच्या कंपनीबरोबर कणाचे नाव, सिलिकाचे प्रमाण आणि हवा पुरवणाऱ्या शिरस्त्राणांची संख्या लिहून घ्यावी, आणि पहिले पोते उघडताना स्वतः हजर राहावे.