भोर ते जेद्दा

१९६६ साली दादा भोरहून हजला निघाले. आधी त्यांनी उधाऱ्या फेडल्या. मग वेल्ह्यापर्यंत घरोघर जाऊन ‘कहा-सुना माफ करा’ म्हणाले. मुंबईहून मुघल लाइनच्या जहाजानं जेद्दा गाठायला आठवड्याहून जास्त दिवस लागत. माणूस परत येईलच, याची खात्री नसे.

१९९५ नंतर हाजींची जहाजं बंद झाली. आज मुंबई-जेद्दा हे सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचं अंतर विमान पाच-साडेपाच तासांत कापतं. वेल्ह्याच्या आतल्या वाडीतून मुंबई विमानतळ गाठायलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो.

आता माफी व्हॉट्सॲपवर, एकदम सगळ्यांकडे मागितली जाते. यंदा कुर्‍यात माझं नाव लागलंय. बांधावरून ज्या चुलत्यांशी बोलणं तुटलंय, त्यांचं घर दहा मिनिटांवर आहे. दादा असते तर पहिल्यांदा तिथंच गेले असते. मी अजून गेलेलो नाही.